देवाची पाठ

भादवा सरत आला की आमच्या गावाखालचा वहाळ निवळतो. चार महिने गढूळ, तांबडं, कुणाचं ऐकून न घेणारं पाणी एके सकाळी अचानक तळ दाखवतं, आणि वरच्या डोंगरानं पावसात टाकून दिलेलं सगळं तिथे मांडून ठेवलेलं असतं. या दिवसांत माणसं शेताकडे बघतात. भात निसवलेलं असतं, बांधावर तेरडा फुललेला असतो, डोळ्यांना भरपूर काम असतं. मी मात्र खाली मान घालून वहाळाच्या कडेनं चालतो. एखादा काळसर, बारीक पोताचा दगड दिसला की वाकतो, उचलतो, धुतो आणि जिभेला लावून बघतो. आता खरं तर गरज उरलेली नाही, पण सवय जात नाही. परवा आमच्या सुनेनं हे पाहिलं आणि म्हणाली, "मामंजी, भूक लागली असल तर घरात भाकर हाय की."

मी धंद्यानं न्हावी. न्हाव्याचा उकिरडा उकरला तर केसच निघायचे, असं लोक म्हणतात. माझ्या परसातला उकिरडा कुणी उकरलाच तर केसांपेक्षा दगड जास्त निघतील. कर्जतेहून खोपोलीकडे निघालं की डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव लागतं. घाट चढणाऱ्या आगगाडीची धाप आमच्या पडवीत ऐकू येते. नव्या पाहुण्यांना तिच्यामुळे झोप लागत नाही, आणि एखाद्या दिवशी गाडी आली नाही तर आम्हाला लागत नाही.

न्हाव्याला वर्षातून एकदा सवड मिळते ती पितरांच्या कृपेनं. पितृपंधरवड्यात कुणी वस्तरा लावून घेत नाही. त्याला लागूनच नवरात्र येतं, मग उपासवाले, नवसवाले आणि नुसतेच आळशी असे सगळे दाढ्या वाढवून बसतात. गावातली ओळखीची तोंडं हळूहळू झुडपाआड जातात. दसऱ्याच्या सकाळी मात्र सगळ्यांना एकदमच आठवतं की आपल्याला गाल आहेत. तोवर हत्यारं नीट करून ठेवायची, खंडेनवमीला पूजेत मांडायची, त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही आणि दसऱ्याला उचलायची, ही आमच्या घरची रीत.

मी सांगतोय तो हंगाम फार जुना. घाट फोडून आगगाडी वर गेली त्याला तेव्हाही बरीच वर्षं झाली होती. माथेरानला साहेबलोक घोड्यावर नाहीतर माणसांच्या खांद्यावर बसून जायचे. माझं लग्न नुकतंच झालं होतं, आणि माझा बा हयात होता.

बाचा हात फार हलका. त्याच्या वस्तऱ्याखाली माणसं बसल्या बसल्या डुलक्या घ्यायची, आणि झोपलेल्या माणसाची हनुवटी धरून ठेवायचं काम माझ्याकडे यायचं. त्याच्या धोकटीत, म्हणजे हत्यारांच्या पिशवीत, एक पथरी होती. पथरी म्हणजे वस्तऱ्याला अखेरची धार द्यायचा बारीक दगड. ती त्याच्या आज्यानं कुठल्याशा फिरत्या व्यापाऱ्याकडून घेतली होती. मी सांगतोय त्या वर्षी मात्र ती धोकटीत नव्हती. त्याचं कारण सगुणावहिनीचं पहिलं मूल.

सगुणावहिनी म्हणजे वरच्या आळीतल्या भातशेतीवाल्या घरातली सून. तिच्या पहिल्या मुलाचं जावळ बानं काढलं होतं. बाळानं मान झटकली, कानामागे वस्तरा लागला आणि मोहरीएवढा रक्ताचा थेंब आला. काही दिवसांनी ते मूल तापानं गेलं. त्या साली गावात पुष्कळ मुलं तापानं गेली, वस्तऱ्याचं तोंडही न पाहिलेली गेली. पण तो थेंब सगळ्यांनी पाहिला होता. सगुणावहिनी आपल्या दारात उभी राहून बाला नको नको ते बोलली. बा घरी आला, पथरी उचलली आणि भरल्या वहाळाच्या डोहात फेकून दिली. मोठ्या माणसांच्या दाढ्या तो करत राहिला, साध्या निसण्यावर कशीबशी धार लावून. लहान मुलाच्या डोक्याला मात्र त्यानं पुन्हा हात लावला नाही. वरच्या आळीतून जायचं झालं तर मान खाली घालून जायचा.

आता त्याच सगुणावहिनीच्या दुसऱ्या मुलाचं जावळ काढायचं होतं. दसऱ्याला मुहूर्त विचारावा लागत नाही, म्हणून दसरा ठरला. 'महादूनं यावं' असा मला निरोप आला. बाचं नाव कुणी घेतलं नाही. कर्जतेचा न्हावी बोलवा, अशी कुजबुज आळीत होतीच. मी हो म्हणालो खरा. पुन्हा एक थेंब आला असता तर सगुणावहिनीचं काय झालं असतं, याचा मी विचारसुद्धा करू शकत नव्हतो, आणि माझा बा त्या दुसऱ्या थेंबानंतर फार दिवस जगला नसता.

जावळ काढणं सोपं, असं ज्याला वाटतं त्यानं ते काढून बघावं. दाढीचा केस ताठ असतो, तो वस्तऱ्याला अडतो आणि कापला जातो. जावळ मऊ असतं. ते वाकतं, निसटतं, मग वस्तरा दाबावासा वाटतो, आणि दाबला की कातडीत शिरतो. म्हणून जावळाला अशी धार हवी की हातानं जोर लावायचाच नाही, वस्तरा आपल्या वजनानंच पुढे गेला पाहिजे. साध्या निसण्यावर लावलेली धार उजेडात धरली तर एक पांढुरकी रेघ दिसते. बा म्हणायचा, "धार दिसली म्हंजी ती धार नाय. दिसत नाय ती खरी." अशी न दिसणारी धार देणाऱ्या चांगल्या पथऱ्या मुंबईत मिळायच्या, पण त्यांची किंमत ऐकूनच आमची बिनपाण्यानं व्हायची.

म्हणून पितृपंधरवडा लागताच मी वहाळात उतरलो. दगड फुकट होते आणि माझ्यापाशी वेळ होता.

आमच्या डोंगराचा काळा कातळ दिसायला एकच, पण जवळ गेलं की त्याच्या किती तरी जाती. काहीला बारीक भोकं असतात, आणि त्या भोकांत पांढरे खडे असतात. ते वस्तऱ्याची पार करवत करून टाकतात. गारगोटी दिसते सुंदर, पण वस्तरा तिच्यावरून नुसता घसरतो. तांबडा दगड पाण्यात चिखल होऊन बसतो. हवा तो दगड फार मऊ नको, फार कडक नको, आतून बाहेरून एकसारखा हवा. त्याची पारख करायला जीभ लागते. चांगला दगड जिभेला हलकेच धरतो आणि सोडतो. मग दोन तुकडे ओले करून एकमेकांवर घासायचे आणि निघालेला गाळ बोटांत चोळून बघायचा. खरखर लागली की दगड परत वहाळात. मी सकाळपासून दगड चाटत हिंडायचो. माझी बायको नवी नवरी, लाजून गप्प बसायचे दिवस तिचे, पण तिलाही राहवलं नाही. "आवो, लोकं रानातनं लाकडं आणतात, भाजी आणतात," ती म्हणाली. "तुमी दगडं आणता. तीबी उष्टी."

अखेर मिळाला. घाटातले बोगदे पाडताना सुरुंगानं फुटलेला दगड दरीत लोटला होता, आणि दर पावसाळा त्यातला थोडा थोडा खाली आणून टाकतो. डोंगराच्या पोटातला दगड तो, एरवी आमच्या नजरेला पडलाच नसता. वहाळाच्या वळणावर एक जुना उंबर आहे, त्याच्या मुळांशी तो अडकला होता. हातभर लांब, वीतभर रुंद, हिरवट काळा. जिभेला लावला आणि मी पाण्यातच बसलो. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. हे वाक्य बायकोला वाचून दाखवायचं नाही.

त्याची एक बाजू मी कातळावर वाळू टाकून घासघास घासली, आरशासारखी सपाट केली. ओला दगड उन्हात टाकला तर तडकतो, म्हणून उंबराच्या सावलीत, बुंध्यापासून जरा अंतरावर जमिनीत थोडा रोवून उभा केला. घासलेली बाजू बुंध्याकडे केली, उन्हाची तिरीपसुद्धा लागू नये म्हणून. तेवढ्यात खालापुराहून सासऱ्याचा निरोप आला, घरात श्राद्ध आहे, या. आम्ही दोघं गेलो. पाहुणचारात अमावस्या उलटून गेली. परत आलो तेव्हा गावात घट बसले होते.

वहाळावर गेलो आणि बघतच राहिलो. माझ्या दगडाला शेंदूर लागला होता. पुढ्यात नारळ होता, झेंडूची माळ होती, पणती होती. एक म्हातारा तिथे डोळे मिटून उभा होता. तो म्हणाला, "स्वयंभू हाय. पान्यातनं वर आला." टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात, माझ्या दगडाला ते मी सासुरवाडीला गेलो तेवढ्यात आलं. रोवून उभा केलेला, गुळगुळीत, तोही उंबराखाली. असा दगड आमच्या मुलखात कुणी मोकळा सोडत नाही, हे मला आधीच कळायला हवं होतं. मला हसू येत होतं आणि रडूही. दसरा आठवड्यावर आला होता, आणि देव उचलून धोकटीत घालणारा न्हावी गावानं ठेवला नसता.

मी तिथेच बसून राहिलो. ऊन कलल्यावर सगुणावहिनी आली. कडेवर बाळ, हातात तेलाची वाटी. बाळाचं जावळ तिनं चापून बसवलं होतं तरी वाऱ्यानं उभं राहत होतं. तिनं वाकून शेंदरावर तेल सोडलं, बाळाचं कपाळ दगडाला टेकवलं. मग मला म्हणाली, "तू पाया पडलास का रं?"

"वयनी," मी म्हणालो, "ह्यो दगुड माजा हाय."

"देवाला दगुड म्हंतोस?"

"मीच घासला, मीच उबा केला. वस्तऱ्याला धार लावाया."

तिचा हात वाटीवरच थांबला. तिचा चेहरा उतरला, आणि मला माझ्या तोंडाची लाज वाटली. तिनं वाटी खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "पयला शेंदूर मीच लावला. पानी भरायला आले, ह्यो दिसला. माज्या मनानं घेतलं, माज्यासाठीच आलाय. हात जोडलं आन म्हटलं, देवा, ह्या पोराचं जावळ बिनरगताचं निघू दे."

मी म्हणालो, "वयनी, मी बी त्यापायीच ह्याला शोधला. ह्याच पोराच्या जावळापायी."

बाळ शेंदराकडे हात करत होतं आणि ती त्याचा हात मागे घेत होती. शेवटी तिनं विचारलं, "ह्याच्यावर वस्तरा घासतात?"

"घासतात."

"देवाला दुखल?"

मला काय सुचलं कुणास ठाऊक. "वयनी, शेंदूर हाय तो पुढं. घासायची बाजू मागं हाय. पाठ घासली तर कोनाला दुखतं? बरंच वाटतं."

ती हसली. पहिलं मूल गेल्यापासून तिला हसताना मी पाहिलं नव्हतं. "मंग घास," ती म्हणाली, "पन तेल मागं येऊ देऊ नको. देवाचं देवाला, तुजं तुला."

त्या नवरात्रात मी रोज देवाच्या पाठीमागे बसलो. देव आणि उंबर यांच्यामधल्या सापटीत एक न्हावी कसाबसा मावतो. पुढून लोक नमस्कार करायचे, मागून मी वस्तरा फिरवायचो, पाणी घालायचो, पुन्हा फिरवायचो. नमस्कार करणाऱ्यांना देवामागून सूं सूं असा आवाज यायचा, आणि दोन बायकांनी तर देव श्वास घेतो असं घरी जाऊन सांगितलं. मी कुणाला काही बोललो नाही. हात हलका होत गेला, दगडावर येणारा गाळ दुधासारखा बारीक झाला, आणि एक वेळ अशी आली की वस्तरा दगडाला चिकटून चालू लागला. चामोटीच्या कातडी पट्ट्यावर तो पुसून घेतला आणि अष्टमीच्या संध्याकाळी बापुढे नेऊन ठेवला. बानं तो दारात नेला, उजेडाकडे धरला, इकडून तिकडून फिरवला.

"दिसत नाय," तो म्हणाला. एवढंच म्हणाला आणि वस्तरा परत देताना त्यानं माझ्या हाताला आपला हात जरा जास्तच वेळ लावून ठेवला.

नवमीला वस्तरा, कातर, नखं काढायची नराणी सगळं पूजेत बसलं. दसऱ्याच्या सकाळी उंबराखाली वरची आळी जमली. बाळ मामाच्या मांडीवर होतं. त्या गावभरच्या दाढ्यांसाठी बाला यावंच लागलं होतं. तो आपली धोकटी घेऊन लांब, वहाळाच्या कडेला उभा होता, आमच्याकडे पाठ करून. मी जावळ ओलं केलं, वस्तरा उघडला.

"थांब," सगुणावहिनी म्हणाली. ती सरळ बाजवळ गेली. "म्हातारबा, वस्तरा तुमी धरा."

मामा म्हणाला, "सगुणे, काय बोलतीस?"

"बरोबर बोलते. माजं पोर तापानं गेलं. तवा कोनाचं तरी नाव घ्यायला पायजे व्हतं, ह्यांचं घेतलं. चार मानसांत घेतलं, आता चार मानसांतच सांगते. ह्यांची चूक नव्हती."

बा वळला. "पोरी, हात कापतोय गं माजा."

"मंग मी मान धरते," ती म्हणाली. "हाताचं तुमी बघा, मानेचं मी बघते."

बा आला. त्यानं माझ्याकडून वस्तरा घेतला आणि थेट देवाच्या मागे जाऊन बसला. दगडावर पाणी घातलं, वस्तरा ठेवला. पहिले काही हात थरथरतच गेले. मग ती जुनी लय आली, पुढे धारेनं, मागे पाठीनं, आणि हाताचा कंप कुठे गेला ते मला कळलं नाही. आपल्या मनगटावरचे पांढरे केस त्यानं काढून बघितले. उठला, बाळापुढे बसला, पुटपुटत एकदा देवाला हात जोडले.

सगुणावहिनीनं दोन्ही तळव्यांत बाळाची मान धरली होती. वस्तरा कपाळापासून मागे गेला आणि जावळ गळत गेलं, कसलाही आवाज न करता. बा कानामागे पोचला आणि नेमकी त्याच वेळी घाटात आगगाडीनं शिट्टी दिली. बाळ दचकलं, त्यानं सगळं अंग झटकलं. पण मान जागची हलली नाही, आणि वस्तरा त्याआधीच वर उचललेला होता. बा थांबला. शिट्टीचा आवाज डोंगरात पार विरेपर्यंत थांबला. मग राहिलेलं काढलं.

ओला हात त्यानं त्या गोऱ्या टाळूवरून फिरवला, कानामागून फिरवला, मानेवरून फिरवला आणि तळवा उलटा करून बघितला. पुन्हा फिरवला, पुन्हा बघितलं. "पानी हाय," तो म्हणाला. "नुसतं पानी हाय." आणि तो तिथेच मांडी घालून मोठ्यानं रडला. सगुणावहिनीनं बाळ उचललं आणि त्याच्या मांडीत दिलं. बाळानं त्याची मिशी धरली. त्या दिवशी गावातल्या एकाही दाढीनं माझ्यासमोर बसायचं कबूल केलं नाही, सगळ्यांना बाच हवा होता. मी दिवसभर पाणी भरत होतो आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

बा पुढे पुष्कळ वर्षं जगला आणि वरच्या आळीतून मान वर करून चालला. आसपासच्या गावांतले न्हावीही आता भादवा सरला की उंबराखाली येतात, देवाला नारळ फोडतात आणि मागे जाऊन बसतात. पथरीचा खर्च वाचतो आणि दर्शनही होतं. दरवर्षी मी ती पाठ वाळूनं घासून पुन्हा सपाट करतो. देव मागून थोडा झिजतो आणि पुढून शेंदरानं थोडा वाढतो, त्यामुळे तो बारीक झाल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही. असं सगळ्यांनाच जमलं तर किती बरं होईल, असं मला माझे गुडघे दुखतात तेव्हा वाटतं.

ते बाळ आता कर्जत ठेसनावर कामाला आहे. घाट चढणाऱ्या गाडीला मागून जे इंजिन जोडतात ना, तिथे. ज्या शिट्टीला दचकला होता तिच्याच मागे धावतो. त्याला मुलगा झालाय, आणि या दसऱ्याला त्याचं जावळ आहे.

म्हणून परवा मी देवाच्या मागे बसलो होतो. ऊन खाली आलं होतं, उंबरं पाण्यात टपटप पडत होती. सगुणावहिनी तांब्या घेऊन आली. आता तिला वाकून शेंदूर लावता येत नाही, पण पाणी घालायला येते. तिनं मागच्या बाजूनं हळू धार धरली.

"बेतानं घास रं महादू. म्हातारा झाला आता."

"कोन, देव?"

"देवबी."

मी हसलो, आणि हसता हसता वस्तरा दगडावर जरासा नाचला. तिनं ते पाहिलं. लपवण्यात अर्थ नव्हता. "वयनी," मी म्हणालो, "औंदा माजाबी हात कापतोय."

तांब्यातलं पाणी तिनं सगळं दगडाच्या पाठीवर ओतलं, पदरानं आपले दोन्ही तळवे कोरडे केले.

"मंग काय झालं?" ती म्हणाली. "मान धरायला मी हाय."